दक्षिणी कॉर्नब्रेड घरी करायचाय? दुकानापासून ताटापर्यंत सगळं

अटलांटा, नॅशव्हिल, बर्मिंगहॅम, हंट्सव्हिल अशा गावांत नव्यानं राहायला आलेली आपली मंडळी कॉर्नब्रेड पहिल्यांदा खातात तो बहुधा ऑफिसच्या पॉटलकमध्ये नाहीतर बार्बेक्यूच्या हॉटेलात. तिथे पुष्कळदा मिळतो तो गोड, मऊ, केकच्या वळणाचा चौकोनी तुकडा. वाईट नसतो तो. पण अमेरिकेच्या दक्षिणेतली जुनी घरं ज्याला कॉर्नब्रेड म्हणतात तो वेगळा. त्यात साखर नाही, मैदा नाही. चव किंचित आंबट, आतून ओलसर आणि रवाळ, खालून आणि कडेनं खरपूस, कुरकुरीत. हा लेख त्या दुसऱ्या कॉर्नब्रेडचा.

करायला सोपा आहे. मळणं नाही, यीस्ट नाही, पीठ फुगायची वाट बघणं नाही. अडायला होतं ते दोनच ठिकाणी: दुकानात बरोबर पीठ उचलताना आणि पॅन तापवताना. त्या दोन पायऱ्यांवर मी जरा रेंगाळणार आहे, बाकीच्या भराभर उरकू.

काय काय लागेल

- कॉर्नमील (मक्याचं रवाळ पीठ) २ कप (साधारण २८० ग्रॅम)
- मीठ १ टीस्पून
- बेकिंग पावडर १ टीस्पून
- बेकिंग सोडा अर्धा टीस्पून
- अंडी २
- बटरमिल्क दीड कप, वर हाताशी आणखी पाव कप
- तूप, तेल किंवा बेकनची चरबी ४ टेबलस्पून
- १० इंची बिडाचा पॅन
- ओव्हन, जाड कोरडं फडकं, पॅनवर पालथं बसेल असं मोठं ताट

कप म्हणजे २४० मिलिलिटरचा मापाचा कप, चहाचा नव्हे. एवढ्यात आठ तुकडे होतात, म्हणजे चार जणांचं पोटभर जेवण.

१. पीठ: पाकिटावरचं नाव शेवटपर्यंत वाचा

सुपरमार्केटच्या त्या एकाच फळीवर मक्याची पाच-सहा पिठं शेजारी शेजारी उभी असतात आणि दिसायला सगळी सारखीच.

तुम्हाला हवं ते साधं कॉर्नमील, बारीक किंवा मध्यम दळणाचं. पाकिटावर 'स्टोन ग्राउंड' लिहिलेलं असेल तर उत्तम. जात्यावर दळलेल्या पिठात मक्याचा अंकुर राहतो, अंकुरात तेल असतं आणि चव त्या तेलात असते. पण याच तेलामुळे ते लवकर खवट होतं. म्हणून आणल्या आणल्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका आणि वापरण्याआधी वास घ्या. ताज्या पिठाला मक्याच्या कणसाचा गोडूस वास येतो. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर पीठ टाकून द्या, भाजून तो वास जात नाही.

पांढरं की पिवळं? दक्षिणेत जुना कल पांढऱ्याकडे. पिवळ्यानं काही बिघडत नाही, रंग छान येतो इतकंच.

आता काय उचलायचं नाही ते:

*सेल्फ रायझिंग कॉर्नमील मिक्स.* दक्षिणेतल्या दुकानांत हेच सगळ्यात जास्त दिसतं, मार्था व्हाइटची पाकिटं तर जागोजागी. यात मीठ, बेकिंग पावडर आणि थोडं गव्हाचं पीठ आधीच मिसळलेलं असतं. मुद्दाम हेच वापरायला काही हरकत नाही, इथल्या कित्येक आज्या तेच वापरतात. मात्र मग यादीतलं मीठ, पावडर आणि सोडा तिन्ही वगळा. साधं समजून वर पुन्हा सोडा घातलात तर ब्रेड खारट, साबणासारखा लागतो. गहू चालत नसलेल्यांनी तर याला हातच लावू नये.

*गोड मफिन मिक्स.* छोट्या खोक्यातलं. त्यात मैदा आणि साखर दोन्ही असतात. त्याचा पदार्थ चांगला होतो, पण तो हा नव्हे.

*मासा.* मेक्सिकन टॉर्टियाचं पीठ. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो. चव आणि चिकटपणा पार वेगळा.

*ग्रिट्स आणि पोलेंटा.* दाणा जाड पडतो, एवढ्या वेळात शिजत नाही, दाताखाली कचकच लागतं.

भारतात राहून करणाऱ्यांसाठी: किराणा दुकानात कॉर्नफ्लोर म्हणून मिळणारी पांढरी शुभ्र पावडर म्हणजे मक्याचं सत्त्व, मंचुरियनला लावतात ती. तिचा इथे काही उपयोग नाही. भाकरीचं मक्याचं पीठ आणि मक्याचा रवा निम्मा-निम्मा घेतला की काम होतं. गिरणीवाला ओळखीचा असेल तर सुका मका बारीक रव्याइतका दळून द्या म्हणावं, त्याच्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या भारतीय दुकानात 'मक्की आटा' मिळतो. तो फार बारीक असल्यानं नुसत्या त्याचा ब्रेड घट्ट होतो. त्यात साधं कॉर्नमील मिसळून घ्या.

२. बटरमिल्क: आपलं ताक इथे पुरत नाही

अमेरिकेतलं बटरमिल्क म्हणजे विरजण लावून आंबवलेलं दाटसर दूध. लोणी काढून उरलेलं आपलं ताक पातळ असतं. ते दीड कप ओतलंत तर पीठ पाणीपाणी होतं, आणि आंबटपणा कमी पडल्यानं सोडाही नीट काम करत नाही. बटरमिल्क मिळत नसेल तर सव्वा कप आंबट दही पाव कप पाण्यात घुसळून घ्या. ताजं गोड दही असेल तर एक दिवस बाहेर ठेवून आंबू द्या. दुधात लिंबू पिळून करतात तेही वेळ मारून न्यायला ठीक, पण दाटपणा येत नाही.

हा आंबटपणा चवीपुरता नाही. गव्हाच्या पिठाला चिकटपणा असतो, तो वाफ धरून ठेवतो. मक्यात तो नाही. सोडा आणि आंबट बटरमिल्क एकत्र आले की वायू सुटतो, तेवढ्यावर हा ब्रेड हलका होतो, आणि अंडं त्याला बांधून ठेवतं. चेरोकी, चोक्टॉ, क्रीक या इथल्या मूळ लोकांची मक्याची भाकरी पीठ, पाणी आणि विस्तव एवढ्यावरच होती. पुढे गुलामगिरीत राबणाऱ्यांना आठवड्याचा शिधा म्हणून मिळे तो मुख्यतः मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस, आणि त्यातूनच राखेत भाजलेल्या, तव्यावर थापलेल्या कितीतरी जाती निघाल्या. सोडा स्वयंपाकघरात आला तो एकोणिसाव्या शतकात. आजचा फुगलेला कॉर्नब्रेड त्यानंतरचा.

अंडं खात नसाल तर दोन्ही अंडी वगळा, पाव कप कॉर्नमील कमी करून तेवढाच मैदा घाला आणि बटरमिल्क थोडं वाढवा. तुकडे जरा भुसभुशीत पडतील, चव तीच.

३. पॅन: बिडाचाच

इथे तडजोड नाही. बिडाचं भांडं तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं. थंड पीठ पडलं तरी त्याची धग उतरत नाही, म्हणून खालचा थर बघता बघता तळला जातो. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग गावात लॉज कंपनी १८९६ पासून बिडाची भांडी ओतते आहे. त्यांचा सव्वादहा इंची पॅन मोठ्या दुकानांत सहज मिळतो, महागही नाही. (त्याच गावात दर वसंतात कॉर्नब्रेडची राष्ट्रीय जत्रा भरते. गाडी काढून जाण्यासारखी आहे.)

घरी आंबोळी-घावनांचा बिडाचा तवा असेल आणि त्याला दीड-दोन इंच काठ असेल तर तोही चालेल. बिडाची कढई चालते, फक्त मधला भाग जाड राहतो, म्हणून पाचेक मिनिटं जास्त द्या. ओटीजीवाल्यांनी आधी रिकामा पॅन आत ठेवून दार लागतं का ते बघावं. लांब दांडी आड येते आणि हे पीठ कालवून झाल्यावर कळलं तर पंचाईत.

नवा पॅन असेल तर 'आधीच मुरवलेला' असं लिहिलेलं असलं तरी एकदोनदा तेल पुसून ओव्हनमध्ये तापवून घ्या, पहिला ब्रेड चिकटणार नाही.

आणि दोन गोष्टी चुकूनही करू नका. काचेचं बेकिंगचं भांडं रिकामं तापवून त्यात थंड पीठ ओतू नका, ते फुटू शकतं. नॉनस्टिक पॅन या उष्णतेला रिकामा तापवू नका, त्याचा थर खराब होतो आणि धूर आरोग्याला चांगला नाही.

४. तापवणं: सगळा खेळ इथे आहे

तूप पॅनमध्ये घाला, पॅन थंड ओव्हनमध्ये ठेवा, मग ओव्हन ४५० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २३० सेल्सिअसला लावा. ओव्हन तापल्याचा दिवा लागला म्हणजे पॅन तापला असं नव्हे. आतली हवा आधी तापते, बीड मागाहून. दिवा लागल्यावर आणखी दहा मिनिटं जाऊ द्या.

परंपरेनं इथे बेकनची चरबी असते. चुलीशेजारी डब्यात जमवून ठेवलेली, आपल्याकडे कढवलेलं तूप असावं तशी. शाकाहारी घरात साजूक तुपाला तोड नाही. ते या उष्णतेला टिकतं आणि चवही देतं. लोणी मात्र नको, त्यातला दुधाचा अंश जळून काळे ठिपके पडतात. निम्मं तूप, निम्मं शेंगदाण्याचं तेल हे माझं नेहमीचं.

पॅन तयार झाला की नाही हे ओळखायला घड्याळापेक्षा चिमूटभर कोरडं कॉर्नमील बरं. आमच्या शेजारच्या आजी, मूळच्या अलाबामातल्या, ओव्हनचं दार अर्धवट उघडून चिमूट तुपात टाकतात आणि खाली वाकून बघतात. दाणे बुडाशी गप्प बसले तर दार परत बंद. लगेच फेस धरून नाचायला लागले आणि तीन-चार सेकंदांत कडेनं तांबूस झाले, तर त्या पिठाकडे वळतात. दाणे पडता पडता काळे झाले तर तूप जास्त तापलंय. अशा वेळी पॅन मिनिटभर बाहेर काढून ठेवतात.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर हे करण्याआधी एक्झॉस्ट लावा आणि खिडकी उघडा. धुराचा अलार्म कॉर्नब्रेडला ओळखत नाही.

५. कालवणं: पॅन तापत असताना, आधी नव्हे

कोरडं सगळं एका भांड्यात. अंडी आणि बटरमिल्क दुसऱ्यात घुसळा. दोन्ही फ्रीजमधून अर्धा तास आधी काढून ठेवलेली हवीत. ओलं कोरड्यात ओता, चमच्यानं पंधरा-वीस वेळा फिरवा, बस्स. गुठळ्या राहिल्या तरी चालतील.

पीठ डोशाच्या पिठापेक्षा किंचित दाट, पण चमच्यावरून सहज ओघळेल असं हवं. जात्यावरचं पीठ जास्त ओलावा पितं. मिनिटभरात घट्ट वाटलं तर राखून ठेवलेलं बटरमिल्क घाला. कोरडा, घशात अडकणारा कॉर्नब्रेड बहुतेक वेळा घट्ट कालवलेल्या पिठाचा असतो. आणि कालवून ठेवून फोनवर बोलत बसू नका, सोड्याचा जोर उतरतो.

साखरेचं काय? माझं मत सरळ आहे: नको. पण ते मत म्हणूनच घ्या. दक्षिणेतही साखर घालणारी घरं भरपूर आहेत, कृष्णवर्णीय कुटुंबांत तर अनेक ठिकाणी थोडी साखर हीच रीत आहे, आणि यावरून इथे जेवणाच्या टेबलावर खरोखर वाद होतात. एक म्हणणं असंही आहे की पूर्वी कणीस शेतातच पूर्ण पिकू देत आणि जात्यावर दळत, तेव्हा मक्याचाच गोडवा पुरे. पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, अंकुर काढलेलं टिकाऊ पीठ आलं, तशी साखर शिरली. तुम्हाला घालायचीच असेल तर एक टेबलस्पूनवर थांबा. जास्त साखरेनं खालचा थर खरपूस व्हायच्या आधी करपतो.

६. ओतणं आणि भाजणं

कोरडं फडकं हातात, ओलं नको, ओल्या फडक्यातून वाफेचा चटका बसतो. पॅन बाहेर काढा, गोल फिरवून तूप कडेपर्यंत चढवा, मग त्यातलं निम्मं तूप पिठात ओतून चटकन ढवळा. लगेच पीठ पॅनमध्ये, जवळून, उंचावरून नको. चर्र आवाज आलाच पाहिजे, कडा लगेच फुलून वर यायला लागल्या पाहिजेत. आवाज आला नाही तर ब्रेड होईल, पण खरपूस होणार नाही, आणि आता काही करता येत नाही. तसाच भाजा.

ओव्हनमध्ये २० ते २५ मिनिटं. कडा पॅनपासून सुटलेल्या दिसतात, मधे बोटानं दाबलं तर परत वर येतं, काडी स्वच्छ निघते. वरचा रंग फिका राहिला तर शेवटी दोन मिनिटं वरची आच लावा, पण तिथून हलू नका.

बाहेर काढल्यावर फडकं पॅनच्या दांडीवरच पडू द्या. ती दांडी अर्धा तास तापलेली असते आणि घरात कोणीतरी सवयीनं तिला हात घालतंच.

७. पालथा करा

ब्रेड पॅनमध्येच ठेवला तर खालच्या बाजूला वाफ धरते आणि इतकी खटपट करून आणलेला कुरकुरीतपणा मऊ पडतो. पाच मिनिटांनी वर ताट ठेवा, दोन्ही हातांनी धरून पालथं करा. तांबूस बाजू वर, तशीच वाढायची. गरम असतानाच त्रिकोणी तुकडे करा. चिकटलाच तर सुरीनं खरवडू नका, आणखी पाच मिनिटं थांबा, बहुधा आपोआप सुटतो.

८. कशाबरोबर खायचा

इथलं साधं ताट म्हणजे पिंटो बीन्सची उसळ, कोलार्डची भाजी, बाजूला चिरलेला कांदा आणि कॉर्नब्रेड. कोलार्डची पानं तासभर शिजवल्यावर तळाशी राहणाऱ्या पाण्याला पॉटलिकर म्हणतात, आणि ते टाकत नाहीत. त्यात ब्रेड बुडवायचा की कुस्करायचा यावरून १९३१ मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग आणि 'अटलांटा कॉन्स्टिट्यूशन' वृत्तपत्र यांच्यात जाहीर जुंपली होती. लाँग बुडवणाऱ्यांचे, वृत्तपत्र कुस्करणाऱ्यांचं. भाकरी आमटीत कुस्करून खाणाऱ्यानं कोणाची बाजू घ्यायची हे सांगायला नको.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दक्षिणेत चवळी, पालेभाजी आणि कॉर्नब्रेड असा बेत असतो. चवळी म्हणजे नाणी, पाला म्हणजे नोटा, कॉर्नब्रेड म्हणजे सोनं. आमच्याकडे त्या दिवशी गोडा मसाला घालून केलेली चवळीची उसळ असते आणि ती या ब्रेडबरोबर फार छान लागते. घरच्या ब्रेडवर नुसतं लोणी आणि चिमूटभर मीठ हेही कमी नाही.

शाकाहारी असाल तर बाहेर खाताना विचारून घ्या. कॉर्नब्रेडमध्ये बेकनची चरबी, बीन्समध्ये आणि कोलार्डमध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा हे इथलं अगदी सर्वसाधारण. 'यात मांस आहे का' असं विचारलं तर 'नाही' असं प्रामाणिक उत्तर येतं, कारण चरबी किंवा तुकडा चवीपुरताच घातलेला असतो. 'कशात शिजवलंय' असं विचारा.

९. ओव्हन नसेल तर

मग हॉट वॉटर कॉर्नब्रेड करा. एक कप कॉर्नमील, अर्धा टीस्पून मीठ, त्यावर पाऊण कप उकळतं पाणी थोडं थोडं ओतत चमच्यानं ढवळा. दहा मिनिटं झाकून ठेवा. उकड काढलेल्या पिठासारखं हाताला लागेल. ओल्या तळव्यावर बोटभर जाडीच्या चपट्या वड्या थापा आणि तव्यावर चांगलं सढळ तेल घालून दोन्ही बाजूंनी तांबूस तळा. इथे सेल्फ रायझिंग मिक्स अजिबात नको. अंडं नाही, दूध नाही, म्हणून उपासाचा नसलेला पण पूर्ण शाकाहारी आणि बिनगव्हाचा प्रकार.

१०. उरला तर

दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. तुकडा आडवा चिरून तव्यावर तुपात शेकला की पुन्हा जिवंत होतो. दक्षिणेतली जुनी माणसं उंच ग्लासात तो चुरून वर थंड बटरमिल्क ओततात आणि चमच्यानं खातात. आणि आपला उपाय म्हणजे चुरा करून फोडणी द्यायची: मोहरी, हिंग, कढीपत्ता, कांदा, हिरवी मिरची, हळद, वरून कोथिंबीर आणि लिंबू. शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्यासारखाच, फक्त मीठ जपून, ब्रेडमध्ये आधीच आहे. थँक्सगिव्हिंगला कोणी तुम्हाला ड्रेसिंगसाठी (सॅलडवरचं नव्हे, कुस्करलेल्या ब्रेडचा भाजलेला पदार्थ) कॉर्नब्रेड आणायला सांगितला तर आदल्या दिवशी करा, उघडा ठेवून वाळू द्या आणि साखर तर मुळीच घालू नका, कारण त्यात पुढे कांदा, सेलरी आणि सेज नावाचा वासाचा पाला पडणार असतो.

११. पॅन

कोमट असतानाच गरम पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवा. थोडा साबण चालतो, भिजत ठेवणं चालत नाही. लगेच पुसा, गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा, कापसाच्या फडक्यानं तेलाचा पुसट हात फिरवा. टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी असलं आंबट त्यात उकळू नका, मुरलेला थर उतरतो. काचेच्या सपाट शेगडीवर पॅन ओढू नका, उचलून ठेवा. जागा नसेल तर पुष्कळजण तो ओव्हनमध्येच ठेवतात. तसं करणार असाल तर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी कोणीतरी पिझ्झासाठी ओव्हन लावेल आणि उघड्या हातानं तो बाहेर काढायला जाईल.